भाजीतले शिसे आणि कॅडमियम: पैसे कुठे घालावेत, कुठे वाचवावेत

नाल्याच्या पाण्यावर वाढलेली पालकाची जुडी घरात आली, तर ती स्वच्छ करायला किती खर्च येतो? कितीही खर्च केला तरी ती पूर्ण स्वच्छ होत नाही, हे याचे खरे उत्तर. जंतू उकळीने मरतात, कीटकनाशकाचा काही भाग धुण्यात जातो. पण मुळांनी पाण्यातून आणि मातीतून उचललेले कॅडमियम पानाच्या आत बसलेले असते. ते धुऊन निघत नाही, शिजवून नष्ट होत नाही आणि फ्रीजमध्ये ठेवून कमी होत नाही. म्हणून या विषयात पैसा कुठे लावायचा हे ठरवण्याआधी तो कुठे लावायचा नाही ते पाहू.

ओझोन सोडणारी भाजी धुण्याची यंत्रे काही हजारांपासून मिळतात. जंतूंवर त्यांचा उपयोग होत असेल, पण पानातल्या धातूंवर होत नाही. खाण्याचा सोडा, व्हिनेगर, मिठाचे पाणी आणि बाटलीत मिळणारे ‘व्हेजी वॉश’ यांनाही हेच लागू. धातूंसाठी म्हणून यांपैकी काहीही घेऊ नका. ‘सेंद्रिय’ शिक्क्याचेही तसेच. रासायनिक खते आणि कीटकनाशके टाळली याची ती हमी असते. शेताला पाणी कुठून येते, मातीत पूर्वीचे काय साठले आहे, याचे उत्तर त्या शिक्क्यातून आपोआप मिळत नाही. सेंद्रिय भाजी इतर कारणांसाठी जरूर घ्या, पण फक्त धातूंच्या भीतीने दुप्पट भाव देणार असाल, तर आधी पाण्याचा उगम विचारा.

आता फुकटात होणारी गोष्ट. बनारस हिंदू विद्यापीठातल्या संशोधकांनी वाराणसी परिसरातल्या भाज्यांवर अनेक वर्षे काम केले. शेतावरच्या भाजीपेक्षा बाजारातल्या भाजीत काही धातूंचे प्रमाण जास्त, असे त्यांना आढळले. रस्त्याकडेला उघड्यावर मांडलेल्या भाजीवर धूळ आणि हवेतले कण बसतात. शिशाचा बराच वाटा असा वरून येतो, आणि वरून आलेले धुऊन कमी करता येते. पातेल्यात भाजी बुडवून तीन वेळा पाणी बदला, देठांच्या बेचक्यांतली माती बोटांनी काढा. कोबीची बाहेरची पाने टाका. बटाटा, मुळा, गाजर, बीट आधी धुवा, मग साल काढा. क्रम उलटा केला तर सालीवरची माती सुरीबरोबर आत जाते. या सगळ्याला लागते ते दोन बादल्या पाणी. ते झाडांना घाला.

कोणत्या भाजीचा धोका जास्त?

पालेभाज्या धातू सर्वांत जास्त साठवतात, आणि त्यांत पालक पुढे. माठ, मुळ्याचा पाला यांच्याकडेही लक्ष ठेवावे. कंदभाज्यांमध्ये प्रश्न मुख्यतः सालीला चिकटलेल्या मातीचा. टोमॅटो, भेंडी, दुधी, दोडका, गवार, घेवडा यांच्या फळांत आणि शेंगांत धातू तुलनेने फार कमी पोचतात. झाडाच्या मुळा-पानांत जे अडते, ते फळापर्यंत येत नाही.

याचा अर्थ पालेभाजी सोडा असा मुळीच नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत देशातल्या १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के स्त्रियांना रक्तक्षय असल्याचे दिसले. आणि शरीरात लोह कमी असेल तर आतडे कॅडमियम आणि शिसे जास्त शोषून घेते. कॅल्शियम कमी असेल तर शिशाचे शोषण वाढते. म्हणजे विषाच्या भीतीने पालेभाजी सोडलेली अशक्त बाई उरलेल्या अन्नातले विष अधिक ओढून घेईल. हा मुद्दा मला या सगळ्या लेखात सर्वांत महत्त्वाचा वाटतो. म्हणून पहिला खर्च भाजीवर करू नका. तो घरातल्या स्त्रिया-मुलांच्या हिमोग्लोबिनवर करा. साधी रक्ततपासणी दोन-चारशे रुपयांत होते. प्राथमिक आरोग्य केंद्रात आणि अंगणवाडीमार्फत हिमोग्लोबिनची तपासणी आणि लोहाच्या गोळ्या मोफत मिळतात.

धोका किती, हे आकड्यांत मांडता येते. कोडेक्स या आंतरराष्ट्रीय अन्नमानकानुसार ताज्या पालेभाजीत किलोमागे कॅडमियम ०.२ मिलिग्रॅम आणि शिसे ०.३ मिलिग्रॅम यापेक्षा जास्त नसावे. जागतिक आरोग्य संघटना आणि अन्न व कृषी संघटनेच्या संयुक्त तज्ज्ञ समितीने शरीराच्या दर किलो वजनामागे महिन्याला २५ मायक्रोग्रॅम कॅडमियम ही सहन होण्याची मर्यादा धरली आहे. साठ किलोच्या माणसाला ती दिवसाला ५० मायक्रोग्रॅम येते. नेमकी मानकाच्या काठावर असलेली भाजी रोज १०० ग्रॅम खाल्ली तर २० मायक्रोग्रॅम पोटात जाते. भात-पोळीतून येणारे वेगळे. युरोपची मर्यादा याहून कडक आहे, आठवड्याला किलोमागे २.५ मायक्रोग्रॅम. त्या हिशेबाने याच माणसाची रोजची वाटणी जेमतेम २१ मायक्रोग्रॅम, आणि ती एवढ्या भाजीतच जवळजवळ संपते. पंधरा किलोच्या मुलाची तर पाच-साडेपाच. शिशासाठी अशी सुरक्षित मर्यादाच सांगता येत नाही, असे जागतिक आरोग्य संघटना म्हणते.

म्हणून रोज एकच पालेभाजी, एकाच ठिकाणची, असे करू नका. पालक, मेथी, शेपू, चाकवत, शेवग्याचा पाला आलटून पालटून आणा. लोकलच्या रुळांलगतच्या वाफ्यांतली, नाल्याकाठची, शहराच्या खालच्या अंगाला नदीकाठी पिकलेली भाजी ओळखता येत असेल तर ती नेहमीची करू नका. मुंबईत रेल्वेच्या मोकळ्या जमिनी ‘अधिक धान्य पिकवा’ योजनेखाली भाजीसाठी दिल्या गेल्या, आणि त्यांतल्या कित्येक वाफ्यांना शेजारच्या नाल्यांचे पाणी पडत आले. नेहमीच्या भाजीवाल्या मावशींना ‘ही कुठली?’ असे आपुलकीने विचारले तर त्या सांगतात. मंडईत रोज वेगळ्या गावची भाजी येते. त्यामुळे एका जागेचे विष रोज ताटात येण्याचा संभव कमी होतो, हा मंडईचा एक फायदाच.

सगळ्या सांडपाण्याला एका मापाने मोजणेही बरोबर नाही. घरगुती सांडपाण्यात जंतू आणि नत्र असते, धातू थोडे. धातू प्रामुख्याने येतात ते मुलामा देणाऱ्या युनिटांतून, बॅटऱ्या फोडणाऱ्या आणि शिसे गाळणाऱ्या भट्ट्यांतून, रंग आणि कातड्याच्या कारखान्यांतून, भंगार धुण्यातून. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०२२ च्या अहवालात देशातले ३११ प्रदूषित नदीपट्टे मोजले आहेत, त्यांतले सर्वाधिक ५५ महाराष्ट्रातले. पण ही मोजणी सेंद्रिय घाणीवरून, म्हणजे बीओडीवरून केलेली आहे, धातूंवरून नाही. नदी त्या यादीत आहे म्हणून काठच्या भाजीत कॅडमियम आहेच असे नाही. यादीत नाही म्हणून ती सुरक्षित, असेही नाही. तपासल्याशिवाय कळत नाही, आणि इथूनच खरा खर्च सुरू होतो.

भाजी तपासायची तर

पुढचे दर ढोबळ आहेत. शहर, प्रयोगशाळा आणि नमुन्यांची संख्या यांवर ते बदलतात, म्हणून तीन ठिकाणी विचारल्याशिवाय पैसे भरू नका. खासगी प्रयोगशाळेत भाजीतल्या एका धातूसाठी पाचशे ते हजार रुपये धरा. शिसे, कॅडमियम, आर्सेनिक, पारा असा चौघांचा संच घेतला तर दीड ते चार हजार. वर १८ टक्के जीएसटी. अहवाल आठवडाभरात मिळतो. भाजीसाठी शिसे आणि कॅडमियम या दोघांनी बहुतेक काम भागते. पाऱ्यावर पैसे घालवू नका, तो मुख्यतः माशांचा प्रश्न आहे.

पैसे भरण्याआधी तीन गोष्टी विचारा. पहिली, प्रयोगशाळेला एनएबीएल ही राष्ट्रीय मान्यता आहे का, आणि मान्यतेच्या व्याप्तीत ‘भाज्या’ आणि ‘शिसे, कॅडमियम’ हे शब्द आहेत का. भिंतीवर प्रमाणपत्र असते, पण ते कधी फक्त सिमेंटच्या तपासणीचे असू शकते. दुसरी, यंत्र किती कमी प्रमाण मोजू शकते. कॅडमियमची मर्यादा ०.२ असताना ज्याला ०.५ च्या खालचे दिसत नाही, त्याच्या ‘आढळले नाही’ या शेऱ्याला किंमत नाही. तिसरी गोष्ट फार जणांना फसवते: निकाल ताज्या वजनावर आहे की वाळलेल्या? पालेभाजीत सुमारे ९० टक्के पाणी असते. वाळवून मोजलेला आकडा ताज्याच्या दहापट दिसतो. वाळलेल्या वजनावर कॅडमियम २ आले म्हणजे ताज्यावर ०.२. मानके ताज्या वजनावर आहेत. वर्तमानपत्रांतली कित्येक भयानक शीर्षके या एका गोंधळातून जन्मतात, आणि कधी उलट, खरा धोका झाकलाही जातो. अहवालावर हे लिहून मागा.

एका घराने एक जुडी तपासून काही साधत नाही. उद्याची जुडी दुसऱ्या रानातली असते. सोसायटीला ठरावीक शेतकरी भाजी पुरवत असेल तर मात्र तपासणी करावी. पालक आणि माठ, दोन नमुने, दोन धातू, प्रत्येकी आठशे धरले तर ३२०० रुपये, करासह ३७७६. तीस घरांत वाटले तर घरटी सव्वाशे रुपये. वर्षातून दोनदा, एकदा उन्हाळ्यात आणि एकदा पावसाळ्यानंतर, केले तरी एका पिझ्झ्याइतकाच खर्च होतो. नमुना किलोभर घ्या, स्वच्छ प्लास्टिक पिशवीत, त्याच दिवशी पोचवा. धुऊन आणि न धुता असे दोन भाग केले तर वरची धूळ किती आणि आतले किती, हेही कळते.

कायद्याचा मार्गही आहे आणि तो स्वस्त आहे. अन्न सुरक्षा व मानके कायदा, २००६ च्या कलम ४० नुसार ग्राहक स्वतः घेतलेला पदार्थ सरकारी अन्न विश्लेषकाकडून तपासून घेऊ शकतो. शुल्क हजार रुपयांच्या घरात, आणि पदार्थ नियमबाह्य निघाला तर ते परत मिळते. अट अशी, की घेतानाच विक्रेत्याला तसे सांगावे लागते. पण याच कायद्यात शेतकऱ्याच्या हातातला शेतमाल येत नाही, व्यापाऱ्याच्या हातातला येतो. पाणी नासवणारा कारखाना तर या कायद्याच्या कक्षेतच नाही. टोपली घेऊन बसलेल्या बाईवर हे कलम चालवू नये असे मला मनापासून वाटते. मोठ्या दुकानसाखळ्या आणि घरपोच भाजी देणाऱ्या कंपन्यांसाठी ते वापरा. त्यांच्याकडे पुरवठ्याची नोंद असते आणि जबाबदारी घेण्याची ऐपतही.

गच्चीवर भाजी लावणाऱ्यांसाठी एक गोष्ट. खताच्या पोत्यावर लक्ष द्या. शहरी कचऱ्याच्या कंपोस्टसाठी खत नियंत्रण आदेशात किलोमागे शिसे १०० आणि कॅडमियम ५ मिलिग्रॅम अशी कमाल मर्यादा आहे. विक्रेत्याकडे तपासणीचा अहवाल मागा, तो देत नसेल तर शेणखत घ्या. जुन्या इमारतीच्या राडारोड्यातली, रंगाचे पोपडे मिसळलेली माती कुंडीत घालू नका.

शरीराची तपासणी

कॅडमियम मूत्रपिंडात साठते आणि त्यातले अर्धे बाहेर पडायला दहा ते तीस वर्षे लागतात. मूत्रपिंड आणि हाडे ही त्याची लक्ष्ये. शिसे मुलांच्या मेंदूवर आणि मोठ्यांच्या रक्तदाबावर परिणाम करते. पण भाजी खाणाऱ्या प्रत्येकाने तपासणीला धावावे असे नाही. नाल्याच्या पाण्यावरच्या शेतात राहणारी कुटुंबे, बॅटरी किंवा भंगाराच्या कामाजवळची मुले आणि गरोदर स्त्रिया यांनी डॉक्टरांना विचारून रक्तातले शिसे तपासावे. खर्च साधारण आठशे ते दोन हजार. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१ च्या मार्गदर्शनानुसार ५ मायक्रोग्रॅम प्रति डेसिलिटर किंवा त्याहून अधिक आले, की शिसे येते कुठून ते शोधून थांबवायचे. तसे आले तर फक्त भाजीला दोष देऊन थांबू नका. भडक पिवळी सुटी हळद, शिसे मिसळलेल्या कथिलाची कल्हई, जुना रंग, आणि भस्मे (नागभस्म तर शिशाचेच) हेही पाहा. कॅडमियमसाठी लघवीची तपासणी असते, तीही डॉक्टरांनी सांगितली तरच करावी. सोबत क्रिएटिनिन दोन-तीनशेत होते.

केसांची तपासणी करून ‘शरीरातले धातू’ सांगणारी हजारोंची पॅकेजेस घेऊ नका. ‘डिटॉक्स’ची सलाइनेही नकोत. शिसे काढणारी औषधे मुलांना रक्तातली पातळी ४५ मायक्रोग्रॅमच्या वर गेली तर, रुग्णालयात, देखरेखीखाली देतात. कॅडमियम काढणारे खात्रीचे औषध नाही. म्हणूनच ते पोटात जाण्याआधी थांबवण्यावर केलेला रुपया सर्वांत जास्त वसूल होतो.

शेतकऱ्याचा हिशेब

हा रुपया शेतात लावायचा आहे. मृदा आरोग्य पत्रिका २०१५ पासून मिळते आणि तिच्यात बारा गोष्टी तपासतात: नत्र, स्फुरद, पालाश, गंधक, जस्त, लोह, तांबे, मंगल, बोरॉन, सामू, क्षारता, सेंद्रिय कर्ब. शिसे, कॅडमियम, निकेल, क्रोमियम त्यांत नाही. पत्रिका चांगली आली म्हणून रान निर्धास्त समजू नका.

पाण्यापासून सुरुवात करा. एका नाल्यावर वीस जणांच्या मोटारी असतील तर पाण्याचा एकच नमुना सगळ्यांना चालतो. शिसे, कॅडमियम, क्रोमियम, निकेल, आर्सेनिक, प्रत्येकी पाचशे. वर्षात तीन वेळा तपासले तर ७५०० आणि कर, म्हणजे ८८५० रुपये. मातीचे दोन नमुने आणि भाजीचे दोन धरून आणखी अकरा हजार. एकूण वीस हजारांच्या आत, माणशी हजाराहूनही कमी. एका फवारणीचा हा खर्च. गट किंवा शेतकरी उत्पादक कंपनी असेल तर तिच्या नावाने नमुने द्या, दरात सवलत मागता येते.

नमुना घेताना मोटार दहा मिनिटे चालू द्या आणि प्रयोगशाळेने दिलेल्या आम्ल घातलेल्या बाटलीतच पाणी भरा. कारखाने रात्री सोडतात अशी शंका असेल तर पहाटेचा नमुना घ्या, वेळ लिहून ठेवा. मातीसाठी आठ-दहा ठिकाणी वीतभर खोल खड्डे, लाकडी किंवा प्लास्टिकचे साधन, पत्र्याची बादली टाळायची. जस्ताचा मुलामा नमुना बिघडवतो.

अन्न व कृषी संघटनेच्या सिंचनासाठीच्या मर्यादा लिटरमागे अशा: कॅडमियम ०.०१, क्रोमियम ०.१, आर्सेनिक ०.१, निकेल ०.२ मिलिग्रॅम. शिशाची मर्यादा ५ पाहून दचकू नका. माती शिसे घट्ट धरून ठेवते, मुळांतून ते फार कमी चढते. भाजीवर ते येते उडालेल्या मातीतून आणि धुळीतून. म्हणून वाफ्याला पाट सोडण्यापेक्षा ठिबक बरे, तुषार तर अशा पाण्यावर नकोच.

आकडे जास्त आले तर पहिला उपाय पाणी बदलणे. जमत नसेल तर पीक बदलणे. पालकाच्या जागी झेंडू, शेवंती, नाहीतर भेंडी, गवार, तूर. पालक महिन्याभरात हातात रोख देतो आणि झेंडूला बाजार सांभाळावा लागतो, हे खरे आहे. ही तूट एकट्या शेतकऱ्याने सोसावी असे म्हणणे मला अन्यायाचे वाटते, कारण पाणी त्याने नासवलेले नाही.

देशावरच्या काळ्या, चुनखडीयुक्त जमिनींचा सामू मुळात जास्त असल्याने तिथे कॅडमियम थोडे कमी मोकळे होते. त्यांत आणखी चुना घालू नका. कोकणातल्या आम्ल जांभ्या मातीत मात्र चुना घातला तर झाड कॅडमियम कमी उचलते. शेणखत दोन्हीकडे उपयोगी. जस्ताची कमतरता असेल तर झिंक सल्फेटने कॅडमियमची उचलही घटते, आणि हा खर्च तसाही पिकाला लागतोच. सूर्यफूल, मोहरी लावून माती स्वच्छ करून देतो म्हणणाऱ्याला पैसे देऊ नका. त्याला कित्येक वर्षे लागतात, आणि धातू ओढलेली ती झाडे ना जनावरांना घालता येतात ना उघड्यावर जाळता येतात.

माती धुऊन काढण्याचा खर्च किती असतो हे जपानने पाहिले आहे. तोयामा भागात कामिओका खाणीचे कॅडमियम जिंझू नदीतून भातशेतीत गेले आणि हाडे मोडणाऱ्या ‘इताई-इताई’ रोगाने, विशेषतः बायका, वर्षानुवर्षे तळमळल्या. सरकारने १९६८ मध्ये तो प्रदूषणाचा रोग मानला. भातखाचरे पूर्ववत करण्याचे काम २०१२ पर्यंत चालले आणि त्याला सुमारे ४० अब्ज येन लागले.

आपल्याकडे पाणी बदलण्याचा एक मोठा प्रयोग पुण्याजवळ सुरू आहे. शहराचे प्रक्रिया केलेले सांडपाणी मुंढव्याच्या जॅकवेलमधून उचलून बेबी कालव्यात सोडले जाते, पुढे ते हवेली-दौंडकडच्या शेतीला मिळते. अशा पाण्याच्या तपासणीत बीओडीसोबत धातूही मोजले जावेत आणि आकडे गावच्या चावडीवर लागावेत, ही मागणी लाभक्षेत्रातल्या ग्रामसभांनी ठराव करून करावी. ठरावाला खर्च नाही.

नाल्यात कारखान्याचे पाणी सुटताना दिसले तर तक्रार महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या उपप्रादेशिक कार्यालयात करा, भाजीबद्दल असेल तर अन्न व औषध प्रशासनाकडे. तक्रारीत तारीख, वेळ, पाण्याचा रंग, नाल्याचे नाव, वरच्या अंगाला कोणता पूल किंवा वसाहत, फोटो, आणि प्रयोगशाळेचा अहवाल असेल तर त्याची प्रत जोडा. पोच घ्या. महिनाभरात उत्तर आले नाही तर माहितीच्या अधिकारात दहा रुपयांचा अर्ज करून त्या नाल्याच्या मागच्या तीन वर्षांच्या तपासणीचे आकडे मागा, आणि त्यांत धातू मोजले होते की नाही हे वेगळे विचारा.